श्रीरामपूरचे सहा प्रश्न

आमच्या उल्हासनगरात, कॅम्प नंबर चारमध्ये, कुणाला काही लिहून हवं असलं की लोक माझ्याकडे येतात. मी कविता करतो हे त्यांच्या कानावर आहे, आणि कविता करणाऱ्याला अर्जही चांगला लिहिता येत असणार असा त्यांचा भाबडा समज आहे. रेशन कार्डावरचं चुकलेलं नाव, विजेच्या बिलाची तक्रार, शाळेचा हरवलेला दाखला, सगळं येतं. मी साधा बी.ए. झालेला माणूस, पण नाही म्हणवत नाही. तसंही आमचं शहर अर्जांवरच वसलेलं आहे. दुसऱ्या महायुद्धातल्या लष्करी छावणीच्या बराकींत १९४७ नंतर सिंधमधून आलेली माणसं उतरली. कोण होतात, कुठून आलात, मागं काय सोडलं, हे त्यांनी सरकारी कागदावर लिहून दिलं, तेव्हा कुठं डोक्यावर छप्पर मिळालं. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते या छावणीचं उल्हासनगर झालं. तरी पत्ता सांगताना आम्ही अजून कॅम्पच म्हणतो.

दोन-तीन वर्षांपूर्वीची, पावसाळ्यातल्या एका संध्याकाळची गोष्ट. आमच्या गल्लीतली एक मुलगी आली. वडील जीन्सच्या कारखान्यात कटिंग मास्टर, आई घरी काजं-बटणं करते. मुलगी 'नीट'मध्ये चांगल्या गुणांनी पास झाली होती आणि पुण्याच्या सैन्यदलांच्या वैद्यकीय महाविद्यालयाकडून तिला बोलावणं आलं होतं. तिच्या हातात एक छापील चोपडं होतं, मुलाखतीत विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांचं. पहिलाच प्रश्न, 'तुम्हाला डॉक्टर का व्हायचं आहे?' खाली तयार उत्तर. मानवजातीची सेवा, गोरगरिबांचे अश्रू वगैरे.

"काका," ती म्हणाली, "हे उत्तर सगळेच देणार. मला जरा वेगळं लिहून द्या ना."

मंडळी, आजच्या पालकांना ठाऊकच आहे, पण बाकीच्यांसाठी सांगतो. आता आपल्याकडे डॉक्टरीच्या प्रवेशाला मुलाखत जवळजवळ उरलेलीच नाही. वर्ध्याजवळच्या सेवाग्रामला, सुशीला नायर यांनी १९६९ मध्ये सुरू केलेल्या महाविद्यालयात, पूर्वी स्वतंत्र प्रवेश परीक्षा असे आणि तीत गांधीविचारांचा एक पेपरही असे. गांधीजींवर लिहायचं आणि मग डॉक्टर व्हायचं, ही मला फार गोड अट वाटत आली आहे. पण २०१६ पासून एकामागून एक सगळ्या परीक्षा 'नीट'मध्ये विरघळल्या. गुण, त्यावरून क्रमांक, क्रमांकावरून जागा. या सगळ्या प्रकाराला 'काउन्सेलिंग' म्हणतात, म्हणजे समुपदेशन. त्यात समुपदेश कुणी कुणाला करत नाही. संगणकाच्या पडद्यावर महाविद्यालयांची नावं पसंतीनं लावायची आणि यादी लागायची वाट बघत बसायचं.

त्याला अपवाद पुण्याचं हे महाविद्यालय. स्थापना १९४८ ची, पदवीचे विद्यार्थी १९६२ पासून. 'नीट'च्या गुणांवरून आधी उमेदवार निवडायचे, मग त्यांना पुण्याला बोलवायचं. तिथं इंग्रजी, आकलन आणि तर्क यांची चाचणी, मानसिक चाचणी, वैद्यकीय तपासणी, आणि समोरासमोर मुलाखत. मुलींच्या जागा मुलांच्या साधारण चौथाई. शिकून झाल्यावर सैन्यदलात अधिकारी म्हणून काही वर्षं नोकरी करण्याचा करार. तेव्हा समोरचे अधिकारी नुसता हुशार विद्यार्थी शोधत नसतात, त्यांना उद्याचा सहकारी बघायचा असतो.

मी त्या मुलीला म्हटलं, "बेटा, उत्तर लिहून देत नाही. पण इथून दोन स्टेशनांवरच्या एका मुलीची गोष्ट सांगतो. तिलाही हेच विचारलं होतं."

कल्याण आमच्यापासून दोन स्टेशनांवर. मध्ये एक विठ्ठलवाडी, तेवढंच अंतर. मुंबईची आगगाडी कल्याणला १ मे १८५४ रोजी पोचली, आणि त्यानंतर अकरा वर्षांनी, ३१ मार्च १८६५ रोजी, कल्याणच्या गणपतराव जोशी यांना मुलगी झाली. नाव यमुना. आमच्या कॅम्पच्या जागी तेव्हा शेतं, माळ आणि चार-दोन गावं असतील. नवव्या वर्षी यमुनेचं लग्न झालं, नवरा गोपाळराव जोशी, टपालखात्यात कारकून, बिजवर, वयानं वीसेक वर्षांनी मोठा. लग्नानंतर यमुनेची आनंदी झाली. त्याच आपल्या आनंदीबाई जोशी.

गोष्ट तुम्हाला माहीत आहे. श्री. ज. जोशी यांची कादंबरी घराघरांत वाचली गेली, तिच्यावरचं नाटक गाजलं, २०१९ मध्ये सिनेमाही आला. पण मला आज त्या गोष्टीतला एकच तुकडा जरा रेंगाळत बघायचा आहे. या मुलीनं डॉक्टरीच्या शिक्षणासाठी अर्ज कसा केला, आणि तिची मुलाखत नेमकी कुणी घेतली?

पहिला अर्ज तिनं केलाच नाही, तो नवऱ्यानं केला. साल १८७८, गोपाळराव कोल्हापुरात नोकरीला. रॉयल वाइल्डर नावाचे अमेरिकन मिशनरी अनेक वर्षं कोल्हापुरात राहून मायदेशी परतले होते आणि तिकडे धर्मप्रसाराचं एक मासिक चालवीत होते. गोपाळरावांनी त्यांना पत्र लिहिलं, की बायकोला अमेरिकेत शिकवायचं आहे, मलाही तिथं काही काम मिळेल का? वाइल्डर यांचा सल्ला असा पडला, की ख्रिस्ती व्हा. आणि एवढ्यावर न थांबता त्यांनी हा पत्रव्यवहार आपल्या मासिकात छापून टाकला.

गोपाळरावांचा अर्ज असा फेटाळला गेला, पण छापलेला कागद कुठं जाऊन पडेल सांगता येत नाही. न्यू जर्सीमधल्या रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर १८८० मध्ये दाताच्या डॉक्टरकडे आपली पाळी येण्याची वाट पाहत बसल्या होत्या. तिथं त्यांच्या हाती ते मासिक लागलं. दूरदेशीच्या एका मुलीला शिकायचं आहे आणि तिला धर्माची अट घातली जाते, हे त्यांना बरं वाटलं नसावं. त्यांनी आनंदीबाईंना पत्र पाठवलं. एकमेकींना कधी न पाहिलेल्या या दोघींचा पत्रव्यवहार सुरू झाला, आनंदीबाई त्यांना मावशी म्हणू लागल्या. पुण्याच्या कवितासंमेलनात भेटलेल्या माणसाला मी घरी परतल्यावर चार ओळी लिहीत नाही, आणि या बाईंनी दाताच्या दवाखान्यातून उठून कोल्हापूरच्या पोरीला पत्र धाडलं.

यादरम्यान काय घडलं होतं? आनंदीबाई चौदा वर्षांच्या असताना त्यांना मुलगा झाला आणि दहा दिवसांत गेला. वेळेवर उपचार मिळाले नाहीत. डॉक्टर होण्याचा विचार तिथं रुजला असं सगळे चरित्रकार सांगतात. गोपाळरावांबद्दलही स्पष्ट बोललं पाहिजे. शिकवण्याचं खूळ त्यांचंच, आणि अभ्यासासाठी लहान बायकोवर हात उगारणारेही तेच. पुढं अमेरिकेतून नवऱ्याला लिहिलेल्या पत्रात आनंदीबाईंनी त्या माराची आठवण करून दिली आहे. गोपाळरावांचा पुतळा उभारणाऱ्यांनी आणि त्यांना खलनायक ठरवणाऱ्यांनी, दोघांनीही ते वाचावं.

बदल्या होत होत हे जोडपं बंगालात पोचलं, श्रीरामपूरला. आपल्या नगर जिल्ह्यातलं नव्हे हो, कलकत्त्याजवळचं, हुगळीकाठचं श्रीरामपूर. मराठी माणसाचं त्या गावाशी जुनं नातं आहे. विल्यम केरींचं मराठी व्याकरण तिथंच १८०५ मध्ये छापलं गेलं. तर त्या गावात बातमी पसरली, की पोस्टातल्या ब्राह्मणाची बायको एकटी अमेरिकेला निघाली, डॉक्टरी शिकायला. लोक रस्त्यात थांबवून विचारू लागले. हिंदू नाराज, ख्रिस्तीही नाराज. हिंदूंना ती जाते म्हणून, ख्रिस्त्यांना ती ख्रिस्ती न होता जाते म्हणून.

तेव्हा या मुलीनं काय केलं? २४ फेब्रुवारी १८८३ रोजी श्रीरामपूर कॉलेजच्या सभागृहात ती उभी राहिली आणि सगळ्यांना एकदाच उत्तर दिलं, इंग्रजीतून. वय सतरा, अठरा पूर्ण व्हायला महिना बाकी. लोक जे प्रश्न मागं विचारत होते त्यांतले सहा तिनं स्वतःच मांडले आणि एकेकाला हात घातला.

माझ्या मते आनंदीबाईंची प्रवेशाची मुलाखत ही. महाविद्यालय तिकडे सातासमुद्रापार, त्याला अजून पत्ताही नाही, आणि इकडे मुलाखत चालू झाली.

प्रश्न असे होते. अमेरिकेला का जातेस? इथं शिकायची सोय नाही का? एकटी का जातेस? परत आल्यावर जातीबाहेर टाकणार नाहीत का? तिथं काही संकट आलं तर काय करशील? आणि शेवटचा, जे आजवर कुठल्याही बाईनं केलं नाही ते तूच का करतेस?

नीट बघा, यांतले पहिले दोनच प्रश्न शिक्षणाचे आहेत. बाकीचे चार तिच्या बाई असण्याचे, जातीचे, नवऱ्याचे आणि भीतीचे.

तिची उत्तरं वाचताना मला दर वेळी तिच्या वयाचा विसर पडतो. अमेरिकेला का? तर वैद्यक शिकायला, कारण या देशाला स्त्री-डॉक्टरांची गरज सर्वांत जास्त आहे. पुरुष डॉक्टरपुढं देह उघडा करण्यापेक्षा बायका दुखणं अंगावर काढतात. इथं सोय नाही का? मद्रासला एक कॉलेज आहे, इतर ठिकाणी सुईणींचे वर्ग आहेत, ते अपुरे. त्यावर ती आणखी एक गोष्ट सांगते, जी मला फार मोलाची वाटते. ती ना ख्रिस्ती, ना ब्राह्मो. हिंदू बाईसारखं राहायचं आणि पायी शाळेत जायचं, हे या देशातल्या शहरांत किती जड जातं ते ती सांगते. रस्त्यावरची माणसं कशी बघतात, काय बोलतात, हे त्या काळी भर सभेत एका बाईनं सांगायचं म्हणजे काय धैर्य लागलं असेल!

एकटी का? नवऱ्यावर म्हाताऱ्या आईची आणि धाकट्या भावांची जबाबदारी आहे, त्यानं नोकरी सोडली तर ते खातील काय, हा सरळ हिशेब. जातीबाहेर? इथं राहते तशीच तिथं राहणार, तोच वेश, तेच अन्न. हिंदू म्हणून जाईन, हिंदू म्हणूनच परत येईन. मग बहिष्काराचं कारण काय? आणि घालायचाच असेल तर परत येईपर्यंत वाट कशाला पाहता, आत्ताच घाला की! संकट? ते इथं राहूनही यायचं असलं तर येतंच. आणि शेवटच्या प्रश्नाला पुराणातले दाखले देऊन ती म्हणते, की समाजाचा माणसावर हक्क असतो आणि समाजाच्या उपयोगाचं काम, आधी कुणी केलेलं नसलं, तरी कुणीतरी करायलाच हवं.

सहा प्रश्नांत त्या दहा दिवसांच्या बाळाबद्दल एकही प्रश्न नव्हता.

इथं थोडं विषयांतर. बाईनं डॉक्टर व्हायचं म्हटलं की हे प्रश्न सगळीकडेच विचारले गेले, फक्त आपल्याकडे नव्हे. अमेरिकेत १८४७ मध्ये एलिझाबेथ ब्लॅकवेल यांचा अर्ज जिनिव्हा नावाच्या एका छोट्या गावातल्या वैद्यकीय महाविद्यालयात आला. नाही म्हणण्याचं धाडस प्राध्यापकांना होईना, म्हणून त्यांनी तो पोरांपुढं मताला टाकला. एक जरी विरोधात गेला तरी प्रवेश नाही. पोरांना वाटलं कुणीतरी थट्टा चालवली आहे, सगळ्यांनी हसत हात वर केले. अशा थट्टेतून ब्लॅकवेल यांना प्रवेश मिळाला आणि १८४९ मध्ये त्या पहिल्या क्रमांकानं पदवी घेऊन बाहेर पडल्या. तिकडे एडिंबराला १८७० मध्ये बाया परीक्षेला बसू नयेत म्हणून विद्यार्थ्यांनी दाराशी दंगल केली, चिखल फेकला, सभागृहात चक्क एक मेंढरू ढकललं. त्या जमावातून आत शिरलेल्या बायांपैकी एक एडिथ पीची. त्याच पुढं १८८३ च्या अखेरीस मुंबईत आल्या आणि कामा हॉस्पिटलच्या डॉक्टर झाल्या. आणि आपल्या रखमाबाई, न समजत्या वयात झालेलं लग्न नाकारून कोर्टात उभ्या राहिलेल्या, त्या १८८९ मध्ये लंडनला वैद्यक शिकायला गेल्या त्यामागंही या पीचीबाईंचा हात होता. एकीनं खाल्लेला चिखल दुसरीच्या वाटेतला कमी झाला.

असो. श्रीरामपूरहून पुढं जाऊ. ७ एप्रिल १८८३ रोजी आनंदीबाई कलकत्त्याहून बोटीत बसल्या, ४ जूनला न्यूयॉर्कला उतरल्या. कार्पेंटरबाई न्यायला आल्या होत्या. त्यांच्या घरून, २८ जूनला, आनंदीबाईंनी फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयाला अर्ज लिहिला. १८५० मध्ये निघालेलं हे कॉलेज, खास बायकांना डॉक्टर करण्यासाठी. अधिष्ठात्री रेचल बॉडली, स्वतः रसायनशास्त्राच्या.

हा अर्ज पाहण्यासारखा आहे. आजच्या भाषेत त्याला 'स्टेटमेंट ऑफ पर्पज' म्हणतील आणि तो लिहून देणाऱ्या एजन्स्या पैसे घेतील. या मुलीनं आपल्या उणिवा झाकल्या नाहीत. प्रवेशाच्या सगळ्या अटी मी पुऱ्या करीत नसेन, पण माझं प्रकरण जगावेगळं आहे, तेव्हा ते दयेनं पाहावं, असं ती लिहिते. आप्तांचा आणि जातीचा एकवटलेला विरोध मोडून ज्या निश्चयानं मी तुमच्या देशात आले, तो निश्चयच मला पुढं नेईल. कशासाठी आले? माझ्या देशातल्या ज्या बायका पुरुष डॉक्टरच्या हातून उपचार घेण्यापेक्षा मरण पत्करतात, त्यांच्यासाठी. बस्स. अश्रू नाहीत, मानवजातीच्या सेवेचं व्याख्यान नाही. श्रीरामपूरच्या सभेत जे घासून पुसून लख्ख झालं होतं, तेच इथं चार ओळींत उतरलं. अर्ज चांगला का आहे याचं कारण हेच, की त्याची उजळणी तिनं शत्रूंपुढं केली होती.

आणि त्याच अर्जात आणखी एक वाक्य आहे, माझी प्रकृती चांगली आहे, अशा अर्थाचं. ते वाचून मी दर वेळी थबकतो. प्रकृती चांगली नव्हती. निघण्याआधीही ताप, डोकेदुखी, अशक्तपणा मागं लागलेला होता. उमेदवारानं अर्जात मारलेली ही एकच थाप असेल. कुणी मारली नसती?

प्रवेश मिळाला. ऑक्टोबर १८८३ मध्ये अभ्यास सुरू झाला. गंमत पाहा, त्याच सुमारास मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेजचं दार बायकांसाठी उघडत होतं, जे पुरुषांसाठी १८४५ पासूनच उघडं होतं. थोडी थांबली असती तर फिलाडेल्फिया गाठावंच लागलं नसतं, असं म्हणणारे भेटतात. पण जो निघतो त्याला दार कधी उघडेल याची तारीख कुणी कळवलेली नसते.

तिथला एक फोटो प्रसिद्ध आहे, १० ऑक्टोबर १८८५ चा. तीन मुली शेजारी शेजारी. साडीतल्या आनंदीबाई, जपानच्या केई ओकामी किमोनोत, आणि तिसरी दमास्कसची, सबात इस्लामबुली, आपल्या मुलखाच्या पोशाखात. तिघी डॉक्टर होणाऱ्या, तिघींनी आपापले कपडे अंगावर ठेवलेले. नऊवारीनं त्या थंडीत अंग झाकेना तेव्हा आनंदीबाईंनी गुजराती धर्तीनं साडी नेसायला सुरुवात केली, पण साडी सोडली नाही. सभेत दिलेला शब्द होता तो. त्या शब्दापायी शाकाहारावर आणि अपुऱ्या उबेवर तीन हिवाळे काढले, आणि क्षयानं कुठं घर केलं ते आपण जाणतो. म्हणून हा फोटो मला नुसता अभिमानाचा वाटत नाही. 'आम्ही बदलणार नाही' हे सिद्ध करण्याची जबाबदारी विचारणाऱ्यांनी तिच्या एकटीच्या डोक्यावर ठेवली होती.

११ मार्च १८८६ रोजी पदवी मिळाली. समारंभाला पंडिता रमाबाई इंग्लंडहून आल्या होत्या. प्रबंधाचा विषय हिंदूंमधलं प्रसूतिशास्त्र. जुन्या ग्रंथांतलं ज्ञान तिनं नव्या विद्येपुढं ठेवलं. कोल्हापूर संस्थाननं तिथल्या आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलमध्ये, म्हणजे आताच्या सीपीआरमध्ये, स्त्रियांच्या विभागावर नेमणूक दिली. पहिला अर्ज ज्या गावातून गेला होता त्याच गावात नोकरी! पण रुजू होणं झालं नाही. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्या गेल्या. बाविसावं वर्षही पुरं झालं नव्हतं. रक्षा कार्पेंटरबाईंकडे पाठवली गेली आणि न्यूयॉर्क राज्यातल्या पोकिप्सी इथं त्यांच्या घराण्याच्या दफनभूमीत पुरली गेली.

तर एवढं सगळं मी त्या मुलीला सांगितलं. मध्ये आमच्या घरून चहा झाला, दिवे जाऊन आले. ती ऐकून घेत होती, मग म्हणाली, "पण काका, मला कुणी अडवत नाहीये. पप्पा तर सगळ्या गल्लीला सांगत सुटलेत."

खरं होतं तिचं. मी जरा वरमलो. तरी म्हटलं, "प्रश्न दोन जातींचे असतात. एक तुला काय येतं ते बघणारा, दुसरा तू इथं कशी काय, असं विचारणारा. दुसरा कानावर आला तर चिडू नकोस, घाबरूही नकोस, पहिल्या प्रश्नासारखंच उत्तर दे." हे मी कुठल्या पुस्तकातून सांगत नव्हतो. मुसलमान असून मराठीत कविता कशी काय लिहिता, हे मला चाळीस वर्षं विचारलं जातं आहे. एका कार्यक्रमात तर निवेदकानं माझी ओळख करून देताना माझ्या मराठीचं इतकं कौतुक केलं, की कविता कशी आहे ते सांगायचं राहूनच गेलं. रागावून उपयोग नसतो. शेख महंमदांपासून आम्ही इथंच आहोत, एवढं सांगतो आणि कविता वाचायला घेतो.

"कपडे काय घालू?" तिनं विचारलं. मी फोटोतल्या तिघींकडे बोट दाखवलं. ती म्हणाली, "म्हणजे सलवार-कमीज चालेल."

उत्तर मी लिहून दिलं नाही. तिला विचारलं, खरं सांग, का व्हायचंय? तिनं बराच वेळ काही सांगितलं नाही. मग म्हणाली, की लहानपणी आम्ही वालधुनीच्या कडेला राहायचो. जीन्स धुण्याचे कारखाने तेव्हा जोरात होते, नाला कधी निळा, कधी काळा वाहायचा. धुलाईतल्या कामगारांच्या हातांची सालं निघायची. तिचा मामा त्यांतला. डॉक्टर मलम द्यायचा आणि म्हणायचा, काम सोड. "काम सोड हे औषध आहे का हो काका?" पुढं प्रदूषणावरून त्या कारखान्यांवर कारवाई झाली, बरेच उठून बाहेर गेले, आणि मामाचं काम आपोआप सुटलं. हात तसेच राहिले.

मी म्हटलं, हेच सांग. इंग्रजीत सांगायचंय ना, मग साध्या इंग्रजीत सांग.

पुण्याहून परतल्यावर पेढे नव्हे, पण हकीकत घेऊन आली. टेबलापलीकडे गणवेशातले अधिकारी, सगळे शांत, कुणी दरडावलं नाही. उल्हासनगर म्हणजे ते 'मेड इन यूएसए'वालंच ना, असं एकानं हसून विचारलं. आमच्या गावावरचा हा विनोद जुना आहे, यूएसए म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन. तिनंही हसून होय म्हटलं. मग जीन्सचा रंग कशानं उडवतात, हे त्यांनी विचारलं. ती सांगत गेली, पोटॅशियम परमँगनेट, ब्लीच, आणि ते घासणारे हात. मग कातडीवर त्याचा काय परिणाम होतो, मग मामा. चोपड्यातला पहिला प्रश्न त्यांनी विचारलाच नाही, त्याआधीच उत्तर देऊन झालं होतं.

तिथं तिचं नाव लागलं नाही. थोडक्यात हुकलं. पण राज्याच्या यादीत विदर्भातल्या एका सरकारी महाविद्यालयात जागा मिळाली. रहिवास दाखला, जातपडताळणी, नॉन क्रीमी लेयर, सगळ्यांच्या तीन-तीन झेरॉक्स आणि साक्षांकन, यात आमचे आठ दिवस गेले. वडील कारखान्यातून सुट्टी काढून तिला पोचवायला गेले, आयुष्यात पहिल्यांदा नागपूरच्या दिशेनं.

प्रवेशाच्या दिवशी तिचा फोन आला. मागं गर्दीचा आवाज.

"झालं का बेटा?"

"झालं काका. फाइल घेतली, पावती दिली. शाळा सोडल्याचा मूळ दाखला तेवढा मागितला. मुलाखत नाहीच इथं."

"मग बरं झालं की."

"हो, बरं झालं," ती म्हणाली. "पण कुणी विचारलंच नाही हो, डॉक्टर का व्हायचंय ते. मी तयार होते."